१३९ विजय, शून्य पराभव आणि मार्चची परीक्षा

१ एप्रिल २०१७ ची सकाळ. अमेरिकेत डॅलसला अजून ३१ मार्चची रात्र सरायची होती. मोबाइलवर निकाल दिसला: मिसिसिपी स्टेट ६६, कनेक्टिकट ६४. तारीख बघून मला वाटलं, कुणीतरी एप्रिल फूल करतंय. कारण कनेक्टिकट विद्यापीठाचा महिला बास्केटबॉल संघ (सगळे त्याला यूकॉन म्हणतात) त्याआधी सलग १११ सामने जिंकला होता. आणि याच मिसिसिपी स्टेटला त्यांनी वर्षभरापूर्वी ९८–३८ असं, म्हणजे तब्बल ६० गुणांनी धुतलं होतं. त्या सामन्यानंतर एका नामांकित अमेरिकन क्रीडा स्तंभलेखकाने तक्रारही केली होती की यूकॉन महिलांच्या बास्केटबॉलचा जीव घेतंय, इतकं एकतर्फी कोण बघणार? वर्षभरात उत्तर मिळालं. ओव्हरटाइम संपता संपता मॉर्गन विल्यम नावाच्या पाच फूट पाच इंचांच्या मुलीने शॉट मारला आणि बॉल आत गेला.

त्या दिवसापासून एक वाद सुरू झाला. मी बरीच वर्षं तो एका बाजूने हिरिरीने मांडत आलो. आज जरा नीट मांडतो, कारण आकडे परत बघितल्यावर माझं मत थोडं बदललंय.

वाद असा. यूकॉन ज्या गटात खेळत होतं तो अमेरिकन अॅथलेटिक कॉन्फरन्स (पुढे नुसतं एएसी म्हणतो) अगदी लिंबूटिंबू. आपल्याकडे म्हणतात ना, वासरांत लंगडी गाय शहाणी. इथे गाय लंगडी नव्हती, चांगली धट्टीकट्टी होती, पण आजूबाजूला वासरंच होती. डिसेंबरअखेरपासून मार्चच्या सुरुवातीपर्यंत आठवड्याला दोनदा कुणाला तरी ३०-४० गुणांनी हरवायचं आणि मग एकदम एप्रिलच्या तोंडावर देशातल्या सर्वांत कडव्या संघासमोर उभं राहायचं. धार कशी राहणार?

ज्यांना ही पद्धत माहीत नाही त्यांच्यासाठी दोन ओळी. अमेरिकेत कॉलेजचे संघ 'कॉन्फरन्स' नावाच्या गटांत विभागलेले असतात. मोसमाच्या सुरुवातीचे काही सामने गटाबाहेरच्या संघांशी, ते कोच स्वतः ठरवतो. नंतरचे दोन-अडीच महिने गटातल्या गटात. मग मार्चमध्ये राष्ट्रीय स्पर्धा. महिलांची तेव्हा ६४ संघांची होती. एक हरलात की घरी. म्हणजे परीक्षेच्या आधीचा सराव कुणाबरोबर करायचा हे तुमच्या हातात नसतं, ते गट ठरवतो.

आणि गट कोण ठरवतं? इथे खरी गोष्ट सुरू होते.

यूकॉन हे १९७९ साली स्थापन झालेल्या बिग ईस्ट या गटाचं मूळ सदस्य. हा गट बास्केटबॉलसाठीच जन्माला आलेला. १९८५ मध्ये जीनो ऑरिएमा नावाचा, इटलीत जन्मलेला आणि पेनसिल्व्हेनियात वाढलेला तरुण कोच म्हणून आला तेव्हा यूकॉनच्या मुलींना कुणी ओळखत नव्हतं. दहा वर्षांत, १९९५ ला, ३५–० असा मोसम आणि पहिलं राष्ट्रीय विजेतेपद. पुढे विजेतेपदांची रांगच लागली. पण बिग ईस्ट सोपा नव्हता. रटगर्स, लुईव्हिल आणि सगळ्यात मोठी डोकेदुखी म्हणजे नोट्र डेम.

२०११ नंतर हा गट फुटला. कारण बास्केटबॉल नव्हतं, महिलांचं तर नव्हतंच नव्हतं. कारण होतं पुरुषांच्या अमेरिकन फुटबॉलचे टीव्ही करार. ज्या गटात मोठे फुटबॉल संघ, त्या गटाला टीव्हीचा मोठा पैसा. सिरॅक्यूज आणि पिट्सबर्गने अटलांटिक कोस्टचा रस्ता धरला, मग नोट्र डेमनेही बाकीच्या खेळांसाठी तोच धरला. नोव्हेंबर २०१२ मध्ये त्या गटात आणखी एक जागा झाली. यूकॉनला ती हवी होती, मिळाली लुईव्हिलला. रटगर्स बिग टेनकडे निघालं. डिसेंबरमध्ये सात कॅथलिक कॉलेजं वेगळी झाली आणि जाताना 'बिग ईस्ट' हे नावही घेऊन गेली. मागे जे उरलं, त्यात नवे भिडू घालून एएसी तयार झाला. ह्यूस्टन, मेम्फिस, टेम्पल, एसएमयू, सेंट्रल फ्लोरिडा, नंतर टुलेन, टल्सा, ईस्ट कॅरोलायना. ज्या मुलींनी विद्यापीठाला जगभर नाव मिळवून दिलं, त्यांनी कुणाशी खेळायचं हे मुलांच्या फुटबॉलच्या हिशेबातून ठरलं. त्या मुलींना कुणी विचारलं असेल असं मला वाटत नाही.

जुन्या बिग ईस्टचं शेवटचं वर्ष, २०१२-१३, मुद्दाम बघण्यासारखं आहे. त्या मोसमात यूकॉन नोट्र डेमकडून गटात तीनदा हरलं. पहिल्यांदा ७३–७२. दुसऱ्यांदा तीन-तीन ओव्हरटाइमनंतर ९६–८७. तिसऱ्यांदा, गटाच्या फायनलमध्ये, ६१–५९. तीनही सामने शेवटपर्यंत लोंबकळलेले. आणि मग राष्ट्रीय स्पर्धेच्या सेमीफायनलला चौथ्यांदा तेच दोघे समोरासमोर. यूकॉन ८३–६५ असं सहज जिंकलं, दोन दिवसांनी लुईव्हिलला ९३–६० हरवून विजेतंही झालं. तीनदा मार खाल्ला, कुठे खातोय ते कळलं, चौथ्यांदा दुरुस्त केलं. माझा जुना सिद्धांत या एका मोसमावर उभा होता.

मग एएसी. २०१३-१४ ते २०१९-२०, सात मोसम. गटातले साखळी सामने ११८ आणि गटाच्या स्पर्धेतले २१, एकूण १३९. जिंकले १३९. हरले शून्य. २०१३ मध्ये ह्यूस्टन किंवा टेम्पलमध्ये दाखल झालेली मुलगी चार वर्षं खेळून पदवी घेऊन गेली, आणि तिने यूकॉनला हरवलेलं कुणालाच पाहिलं नाही, निदान गटात तरी. पहिल्या वर्षी लुईव्हिल अजून गटात होतं म्हणून थोडी तरी चुरस. ते गेल्यावर तीही संपली.

आता माझ्या सिद्धांताला पहिला तडा. २०१४, २०१५, २०१६, तिन्ही वर्षं यूकॉन राष्ट्रीय विजेतं. २०१४ च्या फायनलला समोर नोट्र डेमच होतं, दोन्ही संघ तोवर अपराजित, आणि यूकॉन ७९–५८ ने जिंकलं. २०१५-१६ चा संघ तर ३८–०, आणि सगळे विजय दहा किंवा जास्त गुणांच्या फरकाने. गट कमकुवत होता म्हणून धार गेली म्हणायचं, तर ही तीन वर्षं कुठे ठेवायची? उलट २०११ आणि २०१२ ला गट चांगला तगडा असताना यूकॉन सेमीफायनलला हरलंच होतं की, तेही नोट्र डेमकडूनच.

त्यामुळे "लिंबूटिंबूंशी खेळून संघ मऊ पडतो" हे सरसकट विधान आता मी करत नाही. ब्रियाना स्टुअर्ट, मोरिया जेफरसन आणि मॉर्गन टक एका संघात असतील तर समोर कोण आहे याने फार फरक पडत नाही. २०१६ च्या व्यावसायिक लीगच्या ड्राफ्टमध्ये या तिघी पहिल्या, दुसऱ्या आणि तिसऱ्या क्रमांकावर निवडल्या गेल्या. एकाच कॉलेजच्या तिघी, ओळीने.

प्रश्न त्या तिघी गेल्यावर सुरू होतो.

२०१६-१७ मध्ये ऑरिएमांना माहीत होतं की हा संघ आधीसारखा नाही. त्यांनी गटाबाहेरचे सामने अतिशय कठीण लावले. फ्लोरिडा स्टेट (७८–७६, कसाबसा), बेलर, टेक्सस, नोट्र डेम, मेरीलँड (८७–८१). १३ फेब्रुवारीला साऊथ कॅरोलायनाला ६६–५५ हरवून सलग शंभरावा विजय. स्टॉर्समध्ये नुसता जल्लोष. आणि पाच दिवसांनी, गटातल्या टुलेनशी, ६३–६०. तीन गुणांनी वाचले. तेव्हा सगळ्यांनी याला शंभरीनंतरचा थकवा म्हणून सोडून दिलं. मीही. आज वाटतं, त्या सामन्यात जे दिसलं ते पुढच्या आठवड्यातल्या मोठ्या विजयांनी पुन्हा झाकलं गेलं.

काय दिसलं होतं? की बाहेरचे शॉट पडले नाहीत आणि सामना संथ, अंगाला अंग घासून खेळला गेला, तर या संघाकडे दुसरा रस्ता तयार नाही. कडक गटात असते तर हीच गोष्ट फेब्रुवारीत तीन-चार वेळा समोर आली असती, एक-दोन पराभवांसकट. इथे एकदाच आली, तीही विजयाच्या वेशात. मार्चच्या स्पर्धेतसुद्धा सेमीफायनलच्या आधीच्या फेरीत त्यांनी ओरेगनला ९०–५२ हरवलं. मग मिसिसिपी स्टेट. पहिल्याच डावपेचात अंगाला चिकटून बचाव, यूकॉन एका टप्प्यावर १६ गुणांनी मागे. तिथून त्यांनी बरोबरी साधली, हेही सांगायला हवं. ओव्हरटाइमच्या शेवटच्या अर्ध्या मिनिटात ६४–६४ आणि बॉल यूकॉनकडे होता. तो त्यांनी गमावला. बाकी तुम्हाला माहीत आहेच.

एक तपशील मला फार बोलका वाटतो. १११ विजयांची ती मालिका सुरू झाली नोव्हेंबर २०१४ मध्ये स्टॅनफर्डकडून ८८–८६ ने हरल्यानंतर. तो सामना ओव्हरटाइममध्ये गेला होता. मालिका संपली तीही ओव्हरटाइममध्ये. मधल्या १११ सामन्यांत एकही ओव्हरटाइम नाही. ज्या मुली २०१५ आणि २०१६ मध्ये दाखल झाल्या त्यांनी यूकॉनच्या जर्सीत ती पाच मिनिटं कधी खेळलेलीच नव्हती.

समोर मिसिसिपी स्टेट होतं. ते ज्या गटातून आले होते त्याच गटात साऊथ कॅरोलायना होतं, आणि त्या मोसमात तोवर ते त्यांच्याकडून दोनदा हरले होते. (नंतर फायनलला तिसऱ्यांदा हरले, तो भाग वेगळा.)

२०१८. यूकॉन पुन्हा अपराजित, ३६–०. राष्ट्रीय स्पर्धेची पहिली फेरी त्यांनी १४०–५२ अशी जिंकली. मध्यंतरालाच ९४ गुण झाले होते! सेमीफायनलला नोट्र डेम. त्या वर्षी मफेट मॅकग्रॉ यांच्या या संघाच्या चार मुली गुडघ्याच्या दुखापतीने बाहेर होत्या. जानेवारीत लुईव्हिलने त्यांना १००–६७ असं तुडवलं होतं. गटाच्या फायनलला पुन्हा त्याच लुईव्हिलकडून दोन गुणांनी हार. आणि डिसेंबरमध्ये यूकॉनकडूनही हरले होते. असा तीन ठिकाणी शिवलेला संघ ९१–८९ ने जिंकला, ओव्हरटाइममध्ये, अरिके ओगुनबोवालेच्या शेवटच्या सेकंदाच्या शॉटवर. दोन दिवसांनी फायनलही तिनेच शेवटच्या क्षणी जिंकून दिली.

इथेही प्रामाणिकपणे सांगतो, यूकॉन शेवटच्या मिनिटात घाबरलं वगैरे म्हणणं खोटं आहे. निर्धारित वेळ संपायला अर्धं मिनिटही नसताना ते पाच गुणांनी मागे होते आणि तिथून त्यांनी सामना बरोबरीत आणला. जिगर होती. कमी होती ती बेंचवर. ऑरिएमा त्या मोसमात मुख्यतः सहा-सात जणींवरच भिस्त ठेवून होते. बाकीच्यांना खेळायला मिळायचं, नाही असं नाही, पण कधी? ४० गुणांची आघाडी झाल्यावर. त्या वेळेत कोचला त्या मुलीबद्दल काय कळणार? आणि तिला स्वतःबद्दल काय कळणार?

२०१९ ला तिसऱ्यांदा तेच. पुन्हा सेमीफायनल, पुन्हा नोट्र डेम, चौथ्या क्वार्टरमध्ये नऊ गुणांची आघाडी आणि शेवटी ७६–८१. त्या मोसमात यूकॉन बेलर आणि लुईव्हिलकडून हरलंही होतं. म्हणजे पराभवाची लस टोचली होती, तरी ताप आलाच.

तर माझं आजचं म्हणणं एवढंच. सोपा गट चांगल्या संघाला बिघडवत नाही. तो संघातली उणीव लपवतो. उणीव नसेल तर काही बिघडत नाही, २०१६ होतं. उणीव असेल तर ती तुम्हाला कळते तेव्हा समोर एप्रिल असतो आणि दुरुस्तीला वेळ नसतो. ऑरिएमांना हे ठाऊक होतं, म्हणून सरावात ते मुलींसमोर मुलांचा संघ उभा करत. बऱ्याच मोठ्या महिला संघांत ही पद्धत आहे. पण सरावात हरलं तर स्कोअरबोर्डवर काही चढत नाही.

हे फक्त मुलींच्या बाबतीत नाही. नेवाडा-लास व्हेगासचा पुरुषांचा संघ १९९० च्या फायनलला ड्यूकला १०३–७३ हरवून विजेता झाला. पुढच्या वर्षी बिग वेस्ट नावाच्या हलक्या गटातून ते ३४–० असे सेमीफायनलला आले. समोर तेच ड्यूक, मोसमात सात सामने हरलेलं, त्यातला एक गटाच्या फायनलमध्ये २२ गुणांनी. ड्यूक ७९–७७ ने जिंकलं. शेवटच्या चार मिनिटांत लास व्हेगासचा मुख्य गार्ड पाच फाउल होऊन बाहेर गेला आणि त्याच्याशिवाय चुरशीचा शेवट कसा खेळायचा हे त्या संघाला त्या वर्षात शोधावंच लागलं नव्हतं. साठ गुणांनी हरलेलं मिसिसिपी स्टेट आणि तीस गुणांनी हरलेलं ड्यूक, दोघांनीही बरोबर वर्षाने परतफेड केली.

मेम्फिसचं २००८ तर आणखी सरळ. जॉन कॅलिपारींचा हा संघ गटात अपराजित, एकूण फक्त एक पराभव घेऊन फायनलला आला. फ्री थ्रोमध्ये कच्चा, हे वर्षभर सगळे सांगत होते. पण २० गुणांनी जिंकताना दहा फ्री थ्रो हुकले तर कुणाचं काय जातं? कॅलिपारींनी ती काळजी उडवून लावली होती. फायनलला कॅन्ससविरुद्ध दोन मिनिटं बाकी असताना नऊ गुणांची आघाडी. शेवटच्या सव्वा मिनिटात पाचपैकी चार फ्री थ्रो हुकले. मारिओ चाल्मर्सने थ्री-पॉइंटर मारून सामना ओव्हरटाइमला नेला आणि कॅन्सस ७५–६८ ने जिंकलं.

पुन्हा यूकॉनकडे. २०१९ च्या जूनमध्ये विद्यापीठाने एएसी सोडायचं ठरवलं. बाहेर पडायची किंमत १ कोटी ७० लाख डॉलर. जुलै २०२० पासून ते बिग ईस्टमध्ये परतले आणि फुटबॉल संघाला कुठल्याच गटात न ठेवता स्वतंत्र सोडून दिलं. ज्या फुटबॉलसाठी सात वर्षं हे सगळं सोसलं, ते शेवटी वाऱ्यावर! फुटबॉलच्या चाहत्यांना हे लागलं, आणि त्यांचं दुखणं मी समजू शकतो. पण निदान एकदा तरी बास्केटबॉल बघून निर्णय झाला.

यात एक गोम आहे. नवा बिग ईस्ट महिलांच्या बास्केटबॉलमध्ये फार बलाढ्य नाही. नोट्र डेम आणि लुईव्हिल काही परत आले नाहीत. २०२४-२५ मध्येही यूकॉन गटात अपराजितच होतं. म्हणजे गट बदलून प्रश्न सुटला असं म्हणता येत नाही. बदललं ते कॅलेंडर आणि निकाल. डिसेंबरमध्ये नोट्र डेमकडून हार, मग यूएससीकडून दोन गुणांनी हार. ६ फेब्रुवारी २०२५ ला, गटाचे सामने ऐन भरात असताना, नॉक्सव्हिलला जाऊन टेनेसीकडून ७६–८० हार. तेव्हा 'हा संघ काही जिंकत नाही' म्हणणाऱ्यांत मीही होतो, लपवत नाही. दहा दिवसांनी तोच संघ साऊथ कॅरोलायनाच्या घरी गेला. तिथे यजमान सलग ७१ सामने हरले नव्हते. यूकॉन ८७–५८ ने जिंकलं. ६ एप्रिलला टॅम्पामध्ये फायनलला पुन्हा तेच दोघे, आणि निकाल ८२–५९. यूकॉनचं नऊ वर्षांतलं पहिलं विजेतेपद.